दोन पंखांचा घोडा आणि जंजिऱ्याचा वाघ

आमच्या थोरलीच्या चित्रकलेच्या वहीत चौदा पाने भरलेली होती. त्यांतल्या अकरा पानांवर एकच चित्र होते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. हे चित्र तुमच्याही घरातल्या वहीत असेल. आमच्या लहानपणीच्या वह्यांतही ते होते. आम्ही तिला सहज विचारले, "या झोपडीत कोण राहतं?" ती गोंधळून आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कोणी नाही. ते चित्र आहे."

नऊ वर्षांची मुलगी. अभ्यासात चांगली, कुरआन वाचनात चांगली, अक्षर सुरेख. पण स्वतःच्या मनाने काही रचायचे म्हटले की हात थांबतो. निबंध पाठ, चित्र पाठ, गोष्टही पाठ. पाच वर्षांच्या धाकट्याला अजून ही खोड लागलेली नाही, पण त्याच्या हातात मोबाइल असतो, आणि मोबाइलमध्ये प्राणी, राक्षस, पऱ्या सगळे तयार मिळतात. आम्ही दोघे रात्री यावर बोलत बसलो होतो आणि दादी पलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांना घेऊन मुरूडला चला. चार दिवस वाडीत हिंडू देत. आपोआप बोलायला लागतील."

मुरूडला मुलांची फुफी राहते. नाताळची सुट्टी लागली तशी आम्ही पनवेलहून निघालो. पेण, वडखळ, अलिबाग करत चौल-रेवदंड्यापर्यंत आलो. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावला पोहोचलो की रस्ता समुद्राच्या कडेने धावू लागतो. कोर्लई, काशीद, नांदगाव आणि मग मुरूड. थोरली खिडकीतून डोंगर मोजत होती. धाकटा वाटेत दोनदा ओकला आणि काशीदला शहाळे पिऊन पुन्हा ताजा झाला.

फुफीचे घर नारळ-सुपारीच्या वाडीत आहे. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर. तिचे यजमान कतारला नोकरीला आहेत. आपल्या कोकणी मुसलमानांच्या गावांत अशी घरे किती, हे वाचकांना सांगायला नको. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, रोज रात्री व्हिडिओ कॉल. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, सात वर्षांचा. गेल्या वेळी आम्ही गेलो तेव्हा तो घरभर बडबडत होता. या वेळी तो दाराआड उभा राहून आमच्याकडे पाहत होता. फुफी हळूच म्हणाली, "शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. वर्गात तोंड उघडत नाही म्हणाल्या. अब्बूचा फोन आला की हा कपाटामागे जाऊन बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जंजिऱ्याला गेलो. मुरूडपासून राजपुरीचा धक्का चार-पाच किलोमीटरवर. तिथून शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे जायचे. 'जंजिरा' हा शब्दच मुळी अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आलेला. पूर्व आफ्रिकेतल्या हबशी प्रदेशातून आलेल्या सिद्दी घराण्यांनी हा किल्ला शतकानुशतके राखला आणि १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. नुसती भिंतच पुढे येत राहते. मग एका वळणावर अचानक दोन बुरुजांच्या मध्ये तो उघडतो. होडीतून उतरताना धाकट्याने आम्हा दोघांच्या हाताला घट्ट धरले होते.

दरवाज्याजवळच्या भिंतीत एक प्राणी कोरलेला आहे. आम्ही याआधीही तिथे गेलो होतो, पण त्याच्यासमोर थांबलो नव्हतो. या वेळी मुलांनी थांबवले. वाघासारखे अंग, उगारलेले पंजे, आणि त्या पंजांत हत्ती! वाघाएवढा हत्ती नव्हे, मांजराने उंदीर धरावा तसे बारके बारके हत्ती. किती हत्ती आहेत यावरून पोरांचे भांडण लागले. थोरली पाच म्हणे, धाकटा सहा म्हणे. दगड झिजलेला, त्यामुळे दोघांनाही आपलेच खरे वाटत होते.

"अब्बू, हा वाघ आहे का?"

"वाघासारखा दिसतो."

"पण वाघ हत्तीला असा धरतो का?"

होडीवाले चाचा म्हणाले, "कोण वाघ बोलतो, कोण सिंह बोलतो. शिकलेली माणसं शरभ बोलतात." जाणकार त्याला शरभ म्हणतात हे खरे. शरभ हा कल्पनेतला पशू. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यांवर तो आढळतो. कुठे सुलतानांच्या किल्ल्यावर, कुठे मराठ्यांच्या. पायाखाली किंवा पंजात हत्ती असतील तर तो शत्रूच्या बळावर मिळवलेला विजय, असा त्याचा अर्थ लावतात. ज्या पाथरवटाने हा घडवला त्याने हत्ती पाहिला असेल, एखादा वाघही पाहिला असेल. हा प्राणी मात्र त्याने कुठेच पाहिला नव्हता. जे पाहिले होते त्याचे तुकडे जोडून त्याने हा नवा केला, आणि दरवाज्यावर उभा केला, कारण त्याला एक काम होते. येणाऱ्याला दरवाज्यातच सांगायचे होते की इथे जपून पाऊल टाका.

आम्ही मुलांना हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात भाच्याने पहिल्यांदा तोंड उघडले. भिंतीकडे पाहत तो म्हणाला, "हत्ती रडत का नाहीत?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पण इतक्या वेळात एवढा खरा प्रश्न आम्हा कोणालाच सुचला नव्हता. किल्ल्यात पुढे कलालबांगडी तोफ पाहिली, तलाव पाहिले, पडक्या वाड्याच्या सावलीत डबे उघडले. मुले मात्र शरभाबद्दलच बोलत होती. तो काय खातो? रात्री भिंतीतून उतरतो का? त्याला पोहता येते का? भाचा बोलत नव्हता, पण ऐकत होता.

संध्याकाळी आम्ही ओटीवर कागद आणि रंगखडू काढले. म्हटले, चला, आता तुम्ही तुमचा प्राणी करा. आतापर्यंत कोणी पाहिलेला नाही असा.

आणि दादींनी हात वर केला. "थांबा. जानदारांची चित्रं काढायला लावताय मुलांना?"

हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. चित्रे करणाऱ्यांबद्दलच्या हदीसा आपण सर्वांनी ऐकलेल्या आहेत. छायाचित्रे, शाळेतल्या पुस्तकांतली चित्रे, मुलांची खेळणी यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून चालावे हे उत्तम. आम्ही दादींशी वाद घातला नाही. खडू डब्यात ठेवले. मुलांचे चेहरे उतरले. भाचा उठून विहिरीकडे निघून गेला.

ईशाची नमाज झाली, जेवणे झाली. दादी पलंगावर टेकून बसल्या होत्या. विचार करत असाव्यात. थोड्या वेळाने त्यांनी मुलांना जवळ बोलावले आणि एक गोष्ट सांगितली. ती अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे, आणि आम्हीही ती ऐकलेली होती. पण त्या रात्री जशी ऐकली तशी कधी ऐकली नव्हती.

प्रेषित मुहम्मद (स.) एका मोहिमेवरून घरी परतले होते. वाऱ्याची झुळूक आली आणि कोनाड्यावरच्या पडद्याचे टोक उडाले. आत ह. आयशा (रजि.) यांच्या खेळातल्या बाहुल्या होत्या. त्यांनी विचारले, हे काय आहे? त्या म्हणाल्या, माझ्या बाहुल्या. त्या बाहुल्यांच्या मधोमध कापडाच्या तुकड्यांचा एक घोडा होता आणि त्याला दोन पंख होते. त्यांनी विचारले, हे मधले काय? घोडा. आणि घोड्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख? तेव्हा ह. आयशा (रजि.) यांनी उलट विचारले की, ह. सुलैमान (अलै.) यांच्याकडे पंखांचे घोडे होते, हे आपण ऐकले नाही का? हे ऐकून प्रेषित (स.) इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या.

दादी सांगून झाल्यावर स्वतःच हसू लागल्या. "बघा, घोडा चिंध्यांचा, पंख मनाने लावलेले, आणि वर विचारलं तर उत्तर तयार!" मग आम्हाला म्हणाल्या, "कागदावरचं तुमचं तुम्ही बघा. भिंतीवर काही लावायचं नाही, नमाजच्या खोलीत काही ठेवायचं नाही. पण चिंध्यांचं मी देते करून."

सकाळी पाहतो तर फुफीच्या कपाटातले जुन्या ओढण्यांचे, सलवारींचे गाठोडे ओटीवर आले होते. दादींनी चष्मा लावून सुईत दोरा ओवला होता.

आम्ही त्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. घरातल्या मोठ्यांनी लहानांच्या खेळात कसे शिरावे, हे त्यात सगळे आहे. त्यांनी खेळणे हातातून काढून घेतले नाही. घोड्याला पंख नसतात, असे शिकवले नाही. एकामागून एक साधे प्रश्न विचारले, उत्तर पुरते ऐकून घेतले, आणि मनापासून हसले. मुरूडच्या पुढच्या तीन दिवसांत आम्ही एवढेच करायचा प्रयत्न केला. वाटले तितके ते सोपे गेले नाही.

आधी सामान गोळा करायला हवे होते. शून्यातून मूल काही करू शकत नाही. पाथरवटालाही हत्ती आणि वाघ ठाऊक असावे लागले. म्हणून सकाळी फुफीबरोबर मुलांना मासळी बाजारात नेले. पाकट पाहिले, त्याची चाबकासारखी शेपटी पाहिली. माकूल पाहिले, कोळीण मावशींनी त्याच्या पोटातली शाई दाखवली. शेवंडीच्या लांब मिशा, चिंबोरीचे नांगे, बोंबलाचा आ वासलेला जबडा. "यातलं तुझ्या प्राण्याला काय हवं?" एवढेच आम्ही विचारत होतो. धाकट्याला सगळेच हवे होते.

ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली होती, जणू कोणी मोहरी सांडली आहे. त्या गोळ्या वाळूतले इवलेसे खेकडे करतात. वाळू तोंडात घेऊन त्यातले अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. भरती आली की सगळे पुसले जाते, आणि पुढच्या ओहोटीला ते पुन्हा सुरू. मुले पालथी पडून पाऊण तास ते पाहत होती. आम्हालाही उठवेना.

तेव्हा झकरिया अल-कझवीनी यांची आठवण झाली. इसवी सनाच्या तेराव्या शतकात त्यांनी अरबीत एक मोठा ग्रंथ लिहिला, 'अजाइब-उल-मख्लूकात', म्हणजे सृष्टीतले चमत्कार. आकाशातल्या ताऱ्यांपासून समुद्रातल्या अजब प्राण्यांपर्यंत सगळे त्यात आले आहे. पुढे फारसीत आणि इतर भाषांत त्याची भाषांतरे झाली. हिंदुस्थानातही त्याच्या सचित्र प्रती तयार झाल्या. त्यात पाहिलेले प्राणी आहेत आणि खलाशांकडून नुसते ऐकलेलेही आहेत. ग्रंथाच्या सुरुवातीला ते मधमाशीच्या पोळ्याचे उदाहरण देतात. इतकी नेमकी सहा कोनांची घरे हा जीव कशी बांधतो, याचे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते. रोज पाहणाऱ्याला वाटत नाही, कारण डोळ्यांना सवय झालेली असते. मुलांच्या डोळ्यांना ती सवय अजून लागलेली नसते. आम्ही त्या किनाऱ्यावर किती वेळा चाललो असू. त्या गोळ्यांवर पाय देऊनच चाललो.

दुपारी ओटीवर काम सुरू झाले. ज्यांना कागद हवा त्यांना कागद, ज्यांना चिंध्या हव्या त्यांना चिंध्या. वाडीतली आणखी दोन मुलेही येऊन बसली.

थोरलीने दहा मिनिटांत प्राणी पुरा केला. मोबाइलवरच्या कार्टूनमधला पिवळा प्राणी, हुबेहूब. "हा तर आधीच कोणीतरी केलेला आहे," असे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. "मला येत नाही. तुम्ही काढून द्या." आणि इथे आमच्याकडून चूक झाली. तिचे रडणे बघवेना म्हणून आम्ही खडू घेतला आणि एक छानसा कान काढून दिला. तिने तो कान पाहिला, स्वतः काढलेले सगळे खोडले आणि कागद आमच्याकडे सरकवला. आमचा कान सुबक होता, म्हणून तिचे बाकीचे तिला वाईट दिसू लागले. तेव्हापासून आम्ही नियम केला, की मुलाच्या कागदावर मोठ्यांनी एक रेघही काढायची नाही.

वाट दाखवली ती फुफीने. ती भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "तुला डोंगर छान येतात ना? मग दोन डोंगरच काढ. आणि मला सांग, त्या डोंगरांखाली कोण झोपलंय?" थोरलीने डोंगर काढले. थोडा वेळ पाहत राहिली. मग दोन्ही डोंगरांना खालून एक लांब पोट जोडले, पुढे एक डोके काढले, डोळे मिटलेले. डोंगर म्हणजे त्याच्या पाठीवरची दोन कुबडे! तो हलत नाही म्हणून कोणाला कळत नाही. लोक त्याच्यावर शेती करतात. नदी म्हणजे झोपेत गळणारी त्याची लाळ. आणि झोपडी?

"झोपडीत त्याचा डॉक्टर राहतो," ती म्हणाली. "त्याला जाग येऊ नये म्हणून गोळ्या देतो."

वही, सूर्य, डोंगर, नदी सगळे तेच होते. पण झोपडीत आता माणूस होता.

धाकट्याने काढलेल्या प्राण्याला फक्त दात होते. दातांच्या आत दात, शेपटीला दात. दिवसभर तो ते दाखवत फिरला, आणि रात्री दीड वाजता किंचाळत उठला. प्राणी खिडकीत आला होता. दादींनी आयतुल कुर्सी पढून त्याच्यावर फुंकर घातली. मग आम्ही त्याला कुशीत घेऊन विचारले, "तुझ्या प्राण्याला कशाची भीती वाटते?" तो विचारात पडला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "फुफीच्या कोंबड्यांची." "का?" "त्या त्याच्या दातांतलं उरलेलं टोचून खातात. त्याला गुदगुल्या होतात." आणि झोपला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही प्रत्येक मुलाला हा प्रश्न आवर्जून विचारला. ज्या प्राण्याला स्वतःची भीती असते, त्याची मुलाला फारशी भीती वाटत नाही.

दादींची आणखी एक शंका होती. "अशाने खोटं बोलायची सवय नाही ना लागणार?" ती अगदीच बिनबुडाची नव्हती. त्याच दिवशी धाकट्याने फुफीचा काचेचा पेला फोडला आणि सांगितले, दातवाल्याने फोडला. आम्ही त्याला समोर बसवले. म्हटले, तुझा प्राणी गोष्टीत हवे ते फोडू शकतो. पण हा पेला गोष्टीतला नाही, फुफीचा आहे. त्याने मान खाली घातली आणि फुफीची माफी मागितली. गोष्टीत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असते की ही गोष्ट आहे. खोटे बोलताना ते फक्त एकालाच ठाऊक असते. पंखांच्या घोड्याने कोणाची फसवणूक झाली नव्हती. हा फरक मुलांना पाच वर्षांच्या वयातही कळतो. आपण तो वेळच्या वेळी दाखवून द्यायला हवा.

आता भाच्याचे सांगायचे राहिले.

तो कागदाला शिवला नाही. चिंध्यांच्या गाठोड्याजवळ बसून राहिला. आम्ही दोन-तीनदा विचारले, तसतसा तो आणखी मिटत गेला. दादी म्हणाल्या, "त्याला विचारू नका. मला सुई ओवून दे रे बाबा, मला दिसत नाही." तो सुई ओवून देऊ लागला. मग कापूस भरू लागला. तासाभरात आजी-नातवाच्या हातून एक अंग तयार झाले, मुठीएवढे, निळ्या ओढणीचे. त्याला चार पाय लागले. दादींनी विचारले, "पंख लावू?" त्याने मान हलवली. नको. मग गाठोड्यातून एक लांब पट्टी काढून दिली आणि म्हणाला, "शेपटी."

दादींनी शेपटी लावली. त्याने आणखी एक पट्टी दिली. ती पहिलीला जोडली. मग आणखी एक. शेपटी ओटीवरून खाली उतरली, अंगणात गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या प्राण्याची गोष्ट सांगायची होती. आम्ही प्रत्येकाला तेच ते प्रश्न विचारत होतो. हा कुठे राहतो? काय खातो? त्याचा आवाज कसा आहे? त्याला हे शिंग कशासाठी, हा पाय कशासाठी? भाच्याची पाळी आली. तो बोलेल असे आम्हाला वाटत नव्हते. धाकट्यानेच विचारले, "एवढी मोठी शेपटी कशाला?"

"तो लांब कामाला जातो," भाचा म्हणाला. "समुद्राच्या तिकडे. शेपटीचं टोक घरी बांधलेलं असतं."

"कशाला?"

"वाट चुकू नये म्हणून."

फुफी उठून आत गेली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. धाकट्याला मात्र यात काही विशेष वाटले नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला, "मग कोणी पाय दिला तर?" "तर तिकडे त्याला कळतं," भाचा म्हणाला. "तो म्हणतो, कोण आहे?" आणि तो चक्क हसला.

त्या रात्री कतारहून फोन आला तेव्हा तो कपाटामागे गेला नाही. फोनसमोर आला, प्राणी दाखवला, शेपटी दाखवता दाखवता दारापर्यंत गेला. पलीकडून प्रश्न येत होते, हा उत्तरे देत होता. सात-आठ मिनिटे असतील. एका बोलण्याने सगळे बदलले असे आम्ही म्हणणार नाही. शाळेत तो अजून गप्पच असतो, असे फुफी कळवते. बाईंशी बोलणे चालू आहे, आणि गरज लागली तर मुलांच्या डॉक्टरांनाही दाखवणार आहोत. पण अब्बूशी बोलायला त्याला एक विषय मिळाला. "कसा आहेस, जेवलास का, अभ्यास केलास का" या तीन प्रश्नांना सात वर्षांच्या मुलाने रोज किती उत्तरे द्यायची? प्राण्याबद्दल मात्र रोज नवे काहीतरी घडू शकते.

परतण्याच्या दिवशी वाटेत फणसाड अभयारण्यात थांबलो. शेकरू पाहायचे होते, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो काही दिसला नाही, पण उंच झाडावरचे त्याचे घरटे रानातल्या वाटाड्याने दाखवले आणि सांगितले की झाडावरून झाडावर उडी घेताना तोल सांभाळायला त्याला ती मोठी शेपटी लागते. थोरली म्हणाली, "म्हणजे अल्लाहनेही प्रत्येकाला कशासाठी तरी शेपटी दिली आहे." दादींनी "सुब्हानअल्लाह" म्हटले.

वाचकांपैकी कोणाला हे घरी करून पाहावेसे वाटले, तर फार काही लागत नाही. पाठकोरे कागद, चिंध्या, काड्या, शिंपल्या. बाजारातला एक फेरफटका किंवा गच्चीवरच्या मुंग्यांची रांग. मुलाने काही केले की "हे काय आहे?" असे विचारू नका, ते ओळखू येत नाही, असा त्याचा अर्थ मुले लावतात. "याच्याबद्दल सांग" म्हणा. प्रत्येक अवयवाचे काम विचारा, भीती विचारा, घर विचारा. सुधारू नका, काढून देऊ नका, शेजारच्या मुलाच्या प्राण्याशी तुलना करू नका. आणि उत्तर आले की मोबाइल खाली ठेवून ऐका. चित्राबाबत घरात वेगळे मत असेल तर त्या मताचा मान राखा. शब्दांनी, मातीने, चिंध्यांनीही हे सगळे होते. आमच्याकडे तर दादींच्या आक्षेपामुळेच कापूस आणि सुई आली, आणि भाच्याला कागदापेक्षा तेच हवे होते.

गेल्या आठवड्यात फुफीचा फोन आला. निळ्या प्राण्याची शेपटी आता तिच्या पलंगापासून विहिरीपर्यंत पोहोचली आहे. दर शुक्रवारी अब्बूचा फोन झाला की तो एक पट्टी जोडायला लावतो. घरातल्या जुन्या ओढण्या संपल्या, आता शेजारून मागून आणते म्हणाली. यजमानांची रजा मंजूर झाली आहे. इन्शाअल्लाह ईदला येतील. दादींनी इकडून चिंध्यांचे एक गाठोडे बांधून ठेवले आहे. मुरूडला जाणारे कोणी भेटले की पाठवायचे आहे.